मारुंजीची हरकत

भरती-ओहोटीच्या वेळा पाहून आंघोळ करणारा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात एकच होऊन गेला, आणि तो आमच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होता, हे मी कुठल्याही देवळात उभा राहून सांगायला तयार आहे. आता मारुंजीचा आणि समुद्राचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. काहीही नाही. मधे सगळा सह्याद्री आडवा पडला आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे टँकरचं आणि लाटा म्हणजे संध्याकाळी हिंजवडीच्या कंपन्या सुटल्यावर येणाऱ्या मोटारींच्या. पण हे आमच्या भाडेकरू काकांना पटवून देण्याची हिंमत कुणात नव्हती. काका कोकणातल्या एका लहानशा बंदराच्या गावचे. सारी नोकरी खाड्या मोजण्यात गेली. बोटींची वाट कुठे बुजली आहे ते शोधायचं, तिथला गाळ काढायचा आराखडा करायचा आणि त्या आराखड्याला दहा दारांच्या परवानग्या मिळवायच्या, हे त्यांचं काम. पुढे निवृत्त झाले, काकू गेल्या, आणि मुलगी हिंजवडीत कामाला म्हणून ते तिच्याकडे राहायला आले. येताना एक लोखंडी कपाट, दोरीला बांधलेला एक शिशाचा गोळा आणि स्वतःच्याच गावच्या खाडीची अर्धवट राहिलेली परवानगी एवढं सामान बरोबर होतं. कपाट खोलीत मावलं. परवानगी मात्र मावेना. ती जिन्यावरून खाली उतरली आणि आमच्या घरभर पसरली.

ते आले त्या दिवशीच आम्हाला त्यांची ओळख पटली. कपाट घेऊन टेम्पो आमच्या गल्लीत शिरला आणि काका शांतपणे खुर्ची मागवून रस्त्याच्या कडेला बसले. मी म्हटलं, "काका, कपाट वर न्यायचं ना?" तर म्हणाले, "नाही मालक. आत्ता ओहोटी आहे. जड माल भरतीला आत घ्यावा." (मला ते पहिल्या दिवसापासून 'मालक' म्हणत. आमची मालकी घराच्या कागदापुरती आहे हे त्यांना पुढे कळलं, तरी त्यांनी शब्द बदलला नाही.) टेम्पोवाला उत्तरेकडचा. त्याने गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि कळवळून विचारलं, "अंकल, पानी किधर है?" काका म्हणाले, "आएगा." आणि खरं सांगतो, काकांच्या गावी भरती लागायची वेळ झाली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी अडकलेली भाजीची गाडी निघाली, शाळेची व्हॅन निघाली, दुचाक्या बाजूला झाल्या, आणि मघापासून 'हात दुखतोय' म्हणणारे हमालही चहा पिऊन ताजेतवाने होऊन परतले. कपाट एक ओरखडा न पडता वर गेलं. टेम्पोवाल्याने काकांच्या पाया पडून निरोप घेतला. त्यानंतर कितीतरी दिवस तो मारुंजीच्या चौकात अडकला की काकांना फोन करायचा, "अंकल, भरती कब है?" आणि काका भिंतीवरचा भरती-ओहोटीचा तिथीवार तक्ता पाहून त्याला अत्यंत गंभीरपणे वेळ सांगायचे.

तो तक्ता भिंतीवर लागला हीसुद्धा एक मोहीमच होती. काकांचा परवानगीवर विश्वास होता. लोक देवावर ठेवतात तसा. न विचारता केलेलं काम टिकत नाही, असं त्यांचं मत. तक्त्यासाठी भिंतीत एक खिळा ठोकायचा होता. दुसरा कुणी असता तर त्याने हातोडी मागितली असती. काकांनी माझ्याकडे अर्ज दिला. सोबत भिंतीचं चित्र, खिळ्याची जागा, खिळ्याची लांबी, पडणाऱ्या चुन्याची विल्हेवाट कशी लावणार त्याची माहिती आणि 'सदर भिंतीवर संध्याकाळी एका पालीचा वावर असतो, तिला अडथळा होणार नाही' अशी हमी. वर जिन्यात कागद चिकटवला : 'खिळ्याबाबत कुणाच्या हरकती वा सूचना असल्यास कळवाव्यात.' आमच्या घरात तो कागद वाचून सगळे हसले. हसली नाही फक्त माझी आई. ती उरवड्याची लेक, आयुष्य भाताच्या खाचरात गेलेलं, समुद्र पाहिलेला तो टीव्हीत. नातवाकडून कागद वाचून घेतला आणि काठी टेकत तडक वर गेली. "ओ पाव्हणं, खिळा मारा, माझं काय न्हाई. पर दुपारच्याला मारू नगा. मी निजलेली असते." काकांचा चेहरा असा उजळला की जणू मुख्यमंत्र्यांनी येऊन पाठ थोपटली. ते म्हणाले, "आक्का, सगळ्या इमारतीत तुम्ही एकट्याच जागरूक नागरिक आहात." खिळा सकाळी ठोकला गेला. तेव्हापासून ती त्यांना 'पाव्हणं' आणि ते तिला 'आक्का' म्हणत, आणि रोज संध्याकाळी ती खालून ओरडून विचारायची, "पाव्हणं, तुमच्याकडं पाणी वर हाय का खाली?"

त्या शिशाच्या गोळ्याने तर आम्हाला जगणं नकोसं केलं होतं. कुठेही साचलेलं पाणी दिसलं की काकांचा हात खिशात जायचा. दोरी सोडायची, गोळा तळाला टेकल्याचा हिसका बोटांना लागला की दोरी वर ओढायची आणि गोळ्याच्या बुडाला काय चिकटलं आहे ते डोळ्यांजवळ नेऊन पाहायचं. आमच्या पाण्याच्या टाकीत त्यांनी वीतभर गाळ शोधून काढला. रस्त्यावरच्या एका खड्ड्यात गोळा सोडला, तेव्हा बघ्यांची गर्दी जमली आणि त्या गर्दीने खड्ड्याइतकीच वाहतूक अडवली. चहासुद्धा ते शेवटच्या घोटाआधी ठेवून द्यायचे. माझी बायको विचारायची, "काका, चहा चांगला झाला नाही का?" तर म्हणायचे, "उत्तम झालाय. पण तळ ढवळू नये. तळ ढवळायचा तर आधी परवानगी घ्यावी."

या सगळ्या विक्षिप्तपणाच्या मुळाशी मात्र एक गोष्ट होती आणि तिच्याबद्दल काका कधी विनोद करत नसत. त्यांच्या गावच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा चढला होता. भरतीला बोटी त्याच्यावरून आत येत. ओहोटीला येता येत नसे. मासळी घेऊन आलेल्या बोटी बाहेर उघड्या समुद्रात नांगर टाकून पाण्याची वाट पाहत उभ्या राहायच्या. हवा चांगली असेल तर नुसता खोळंबा. पण वारा फिरला की जिवाशी गाठ. काका सांगायचे, "घाई करून कुणी आत घुसलाच, तर तांडेल त्या जागी इंजिन मंद करतो. आवाज पडतो बोटीचा. तो आवाज पडला की किनाऱ्यावरच्या बायका काम टाकून उभ्या राहतात. बोट टेकते की निघते, ते कळेपर्यंत कुणी बसत नाही." तांडेल म्हणजे बोट हाकणारा, तिचा मुख्य. काकांचा लहानपणापासूनचा दोस्त तसा तांडेल होता आणि एका वादळी संध्याकाळी त्याची बोट त्या वाळूवर टेकली होती. माणसं वाचली. बोट दुरुस्त झाली. दोस्ताचा गुडघा मात्र कायमचा गेला. खाडीचा तो रस्ता मोकळा करायचा आराखडा काकांनी नोकरीत असतानाच केला होता, पण परवानगी मिळण्याआधी ते स्वतःच निवृत्त झाले. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, आता पुढचे बघतील. काकांनी मारुंजीत आल्यावर गावच्या मच्छीमारांच्या वतीने तेच काम पुन्हा हातात घेतलं, या वेळी बिनपगारी.

त्यांची चिकाटी बघून माझ्यासारख्या आळशी माणसाला घाम फुटायचा. रोज सकाळी बरोबर कचेऱ्या उघडायच्या वेळी फोन सुरू. कांदळवनवाले, मासेमारीवाले, पर्यावरणवाले, नगरपालिका. कधीही आवाज चढला नाही. "साहेब, मी पुन्हा तोच." एवढंच ते म्हणायचे आणि पलीकडचा माणूस कण्हायचा. पुण्यातल्या एका कचेरीत मी त्यांना गाडीतून घेऊन गेलो होतो. दारावरचा शिपाई आम्हाला पाहताच आत ओरडला, "साहेब, समुद्र आला!" साहेब मागच्या दाराने निघाले. काकांना ते दार माहीत होतं. त्यांनी मला मुद्दाम गाडी तिथेच लावायला सांगितली होती. साहेब थेट आमच्या गाडीच्या बॉनेटवर येऊन आदळले आणि सही तिथेच झाली.

असं करत करत गाडी जनसुनावणीपर्यंत आली. म्हणजे गावच्या सभागृहात अधिकारी बसणार, आराखडा वाचला जाणार आणि ज्याला हरकत असेल त्याने उभं राहून ती सांगायची. काका म्हणाले, "मालक, मला तिथे एकही प्रश्न नवीन ऐकायचा नाही. तालीम करायची." नाटक म्हटल्यावर मला दुसरं काही सुचत नाही. रविवारी सकाळी गच्चीवर सतरंज्या घातल्या. लग्नातला कोट चढवून मी अध्यक्ष झालो. तिसऱ्या मजल्यावरचा आयटीतला हैदराबादी पोरगा कांदळवनांचा कैवारी झाला आणि "सर, मँग्रोव्ह का क्या?" एवढं एकच वाक्य त्याने निरनिराळ्या रागात म्हणून दाखवलं. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला तांडेल झाला. आई म्हणाली, "मी कोण?" काका म्हणाले, "आक्का, तुम्ही गावातली कोळीण. तुमचा प्रश्न आहे, काढलेला गाळ कुठे टाकणार. मी उत्तर देईन. मग तुम्ही 'मान्य आहे' म्हणून खाली बसा."

काकांनी नकाशा पसरला. सगळ्यांना उत्तरं दिली. हैदराबादी पोराने तर टाळ्या वाजवल्या. मग आईची पाळी आली. ती काठीवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "गाळ काडताय, लई चांगलं. टाकणार कुटं?"

"इथे," काकांनी नकाशावर बोट ठेवलं. "खाडीच्या आतल्या बाजूला. हा रिकामा चिखलपट्टा आहे. जवळ पडतो, काम लवकर होतं."

"रिकामा म्हंजी?"

"म्हणजे घरं नाहीत, शेती नाही, काहीच नाही."

"ओहोटीला उघडा पडतोय का?"

"पडतो."

"मंग तितं कुणीच येत न्हाई?"

काकांनी नकाशावरचं बोट उचललं. "बायका येतात. तिसऱ्या काढायला. शिंपल्या असतात चिखलात."

"मंग रिकामा कसा?"

मी अध्यक्ष या नात्याने टेबल वाजवलं. "आई, आता 'मान्य आहे' म्हण आणि बस."

"म्या न्हाई म्हनत," आई म्हणाली. "ओढ्याकडचं आपलं खाचर इसरलास व्हय रं? टावर बांधनाऱ्यांनी राडारोडा कुटं आणून वतला? इचारलं तर डंपरवाला काय म्हनला? 'आजी, जागा रिकामी दिसली.' भात कापल्यावर समदी खाचरं रिकामीच दिसत्यात!" मग काकांकडे वळली. "पाव्हणं, तुमी खिळ्याला इचारलंत. ह्या बायांना इचारलं का?"

"आक्का, अहो ही तालीम आहे," काका म्हणाले, पण त्यांच्या आवाजात दम नव्हता.

"तालीम असू दे न्हाईतर खरं असू दे. माझी हरकत हाय."

इस्त्रीवाल्याचे कपडे खाली तसेच पडले होते, पण तो हलला नाही. काकांनी नकाशा गुंडाळला, रबर लावलं आणि "सुनावणी तहकूब" म्हणून खाली निघून गेले. त्या दिवशी त्यांच्याकडे भरती आली आणि गेली, पण आंघोळीचं पाणी तापलं नाही. आई संध्याकाळी खालून ओरडली, "पाव्हणं, पाणी वर हाय का खाली?" उत्तर आलं नाही. ती मला म्हणाली, "जास्त बोलले का रं मी?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "पर खोटं न्हाई बोलले."

दुसऱ्या दिवशी काका स्वतः खाली आले. आईसमोर पाटावर बसले आणि म्हणाले, "आक्का, हरकत मान्य. माझी आईसुद्धा त्याच पट्ट्यावर बसायची, टोपली घेऊन. मला माहीत होतं. नकाशावर मात्र मीच 'रिकामा' लिहिलं, कारण मला घाई झाली होती."

मान्य करणं सोपं होतं, निस्तरणं नव्हे. जागा बदलायची म्हणजे वाळूचे नमुने पुन्हा, नकाशे पुन्हा, सह्या पुन्हा, सुनावणी पुढे, आणि मधे एक आख्खा पावसाळा. हे दोस्ताला सांगायचं होतं. काकांनी फोन लावला तेव्हा मी तिथेच होतो, आणि तांडेलाचा आवाज ऐकायला फोनची गरज होती असं मला वाटत नाही. "अरे, तुला वेड लागलं काय? वारा सुटल्यावर बाहेर नांगर टाकून उभं राहायचं ते आम्ही! तू तिथे डोंगरात बसून चिखलाचे लाड कर!"

"चिखलाचे नाहीत रे. तुझी बायको नाही बसत तिथे?"

मग तांडेल म्हणाला, "बसते." आणि मग, "एकच पावसाळा. त्याच्या पलीकडे गेलास तर तिथे येऊन तुला उचलून आणीन."

मग काकांनी जे आरंभलं ते बघून आधीची चिकाटी म्हणजे आराम होता असं म्हणायची पाळी आली. ताम्हिणी घाट उतरून ते इतक्यांदा गावी गेले की एसटीचा वाहक त्यांना खिडकीची जागा धरून ठेवू लागला. येताना बरण्यांतून वाळू आणायचे आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडून, बोटांवर चोळून आम्हाला तिचे गुण समजावून सांगायचे. एकदा बायकोने त्यातली एक बरणी चुकून रव्याच्या शेजारी ठेवली आणि तो आठवडाभर आम्ही शिरा सावधपणे खाल्ला. पण त्या बरण्यांनीच वाट दाखवली. कागदोपत्री सगळे ज्याला गाळ म्हणत होते त्यात चिखलाचा अंशही नव्हता, सगळी स्वच्छ जाड वाळू होती. गावाच्या उत्तरेला समुद्र किनारा खात सुरूच्या झाडांपर्यंत आला होता. ही वाळू तिथे टाकली तर किनारा भरून निघणार होता. लांब पडणार होतं, वेळ लागणार होता, पण कुणाच्या टोपलीवर काही पडणार नव्हतं. "साहेब, मी पुन्हा तोच," काका फोनवर म्हणू लागले, "पण आराखडा नवा."

खरी सुनावणी काकांच्या मुलीने फोनवरून आम्हाला दाखवली. आई पडद्याला नाक लावून बसली होती. सगळं शांतपणे चाललं होतं. शेवटी मागच्या रांगेतून एक कोळीण उठली, कमरेवर हात ठेवून, अगदी आईच्या थाटात. "गाळ काढताय तो आमच्या पट्ट्यावर टाकणार काय?" काका उभे राहिले. म्हणाले, "नाही. ती हरकत मारुंजीहून आधीच आली होती." सभागृहात कुणाला काही कळलं नाही. अधिकाऱ्यांनी विचारलंसुद्धा, मारुंजी हे कुठलं बंदर. आई पडद्यावरच्या कोळिणीला म्हणाली, "बस की आता खाली, बाये. मान्य हाय म्हण." आणि पदराने चष्मा पुसत बसली.

परवानगी आली तेव्हा आम्ही गल्लीत पेढे वाटले. परवानगी आली म्हणजे काका जाणार, हे पेढे संपल्यावर आमच्या लक्षात आलं. मुलीची बदली बंगळूरला होत होतीच, आणि काकांचं म्हणणं, वाळू उपसणारा ड्रेजर खाडीत उतरणार आणि मी दुसऱ्या मजल्यावर बसू? कपाट पुन्हा टेम्पोत चढलं. निघायच्या दिवशी ते पुन्हा खुर्ची टाकून रस्त्याच्या कडेला बसले. या वेळी मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, "बाहेर पडायचं ओहोटीला, मालक. पाणीच नेतं." आई फाटकाशी उभी होती. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, आक्काच्या पायाला हात लावला आणि टेम्पोत चढले. ते वाकले तेव्हा ती म्हणाली, "तक्ता ऱ्हाऊ द्या भिंतीवर."

तो राहिला. वर आता नवी पोरं आली आहेत, सभ्य आहेत. त्यांनी विचारलं, "ये कॅलेंडर निकाल दें?" आईने तिची हरकत नोंदवली.

पावसाळ्यानंतर ड्रेजर खाडीत उतरला, आणि त्या थंडीत एका संध्याकाळी काकांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "मालक, बोलू नका. नुसतं ऐका." मागे बोटीच्या इंजिनाची धडधड होती. मी फोन कानाला लावूनच जिना चढलो, पोरांचं दार वाजवून आत शिरलो आणि तक्ता पाहिला. त्या वेळी त्यांच्या खाडीत पाणी पार तळाला गेलेलं होतं. आता आवाज पडेल, आता पडेल, म्हणून मी श्वास धरून उभा होतो. धडधड तशीच चालू राहिली. मग बऱ्याच वेळाने तांडेल काहीतरी ओरडला, लोक हसले, आणि काका म्हणाले, "आत आलो." मी आईच्या वतीने विचारलं, "आणि पट्ट्यावर?" "बसल्यात ना! डोकी दिसतायत इथून. एकीनेही मान वर करून पाहिलं नाही आमच्याकडे."

मी खाली येऊन आईला सगळं सांगितलं. ती सज्जात बसली होती. ऐकून मान हलवली, म्हणाली, "ब्येस झालं. आता पाव्हण्यास्नी पाण्याची वाट बघाया नगं." मग थोड्या वेळाने, "म्हंजी आता आमाला वेळ तरी कोण सांगनार."

एवढ्यात खाली एक टेम्पो गल्लीत अडकला. हिंजवडी सुटली होती, पुढे मोटारी, मागे मोटारी. पोरगेला ड्रायव्हर जीव खाऊन हॉर्न वाजवत होता. आईने सज्जाच्या कठड्यावरून वाकून त्याच्याकडे पाहिलं आणि हात हलवला.

"थांब जरा, बाबा," ती म्हणाली. "अजून पाणी यायचं हाय."